गोडी आणि ओढ

मद्यपी मनुष्य सुखाला चटावला आहे, असे आपण सर्रास म्हणतो. सुखाचा मोह त्याला आवरत नाही, म्हणून तो दोषी, असा आपला न्याय. परंतु हा न्याय ज्या समजुतीवर उभा आहे, ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

1954 साली कॅनडातील माँट्रियल येथील जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसविल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. दांडी दाबली की मेंदूच्या विशिष्ट भागास क्षीण विद्युत्प्रवाह मिळे. उंदीर ती दांडी तासाला शेकडो वेळा दाबू लागले. मेंदूतील सुखाचे स्थानच सापडले, असे तेव्हा वाटले.

पुढे मात्र निराळे आढळले. या मार्गात डोपामीन नावाचे द्रव्य कार्य करते. 1989 साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी सहकाऱ्यांसह असे दाखविले की, हे द्रव्य जवळजवळ नाहीसे केलेले उंदीर समोरचे अन्न आपण होऊन खात नाहीत. परंतु जिभेवर गोड पाणी घातले की ओठ चाटतातच. गोडी शाबूत होती, ओढ तेवढी गेली होती. तात्पर्य, आवडणे आणि हवे असणे या भिन्न गोष्टी होत.

मद्य या ओढीस बळ देते. पेला दिसला, ठराविक वेळ झाली, नेहमीचे सोबती भेटले की ती उफाळते. गोडी मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, पुष्कळदा ओसरते. पुत्राचे तारुण्य घेऊनही ज्याची वासना शमली नाही, त्या ययातीची कथा आपणांस नवी नाही.

मग सर्व दोष मेंदूवर टाकल्यास नीतीला काय उरले, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ओढ उठणे त्या मनुष्याच्या हाती नसेल. परंतु ती शांत असताना कोणत्या वाटेने घरी यावे, कोणाची सोबत टाळावी, उपचार केव्हा घ्यावेत, हे ठरविणे पुष्कळ अंशी त्याच्या हाती असते. त्याची जबाबदारी तेथे आहे.

घरच्यांचेही कर्तव्य आहे. देवासमोर घातलेली शपथ पाळता आली नाही, एवढ्यावरून त्यास खोटा ठरवून चारचौघांत लज्जित केल्याने ओढ कमी होत नाही. घरात बाटली न ठेवणे, सायंकाळी त्यास एकटे न सोडणे, हे अधिक उपयोगी. दीर्घकाळ पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी मद्य सोडल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. यास्तव डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते सोडवावे. मात्र दया म्हणजे पत्नीने व मुलांनी मार सोसणे नव्हे. त्यांचे रक्षण प्रथम झाले पाहिजे. रुग्णाचा उपचार त्याच्या जोडीने चालावा.