नेम, साइट आणि पाच कारणे

छर्रा मधल्या वर्तुळाबाहेर गेला, तर चूक मारणाऱ्याची की पिस्तुलाची? पिस्तुलाच्या साइट जुळवण्याचे सारे काम या एका प्रश्नाभोवती फिरते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात हाच प्रश्न सगळ्या कर्मांना लावलेला आहे. कोणतेही कर्म घडते त्याला अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे तिथे सांगितली आहेत. ही पाच असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही, असा त्यावरचा निर्णय आहे. शांकरभाष्यात करण म्हणजे इंद्रिये. हातातले उपकरण त्यात धरणे हा विस्तार झाला. नेमबाजीपुरता तो करायला हरकत नाही. उभे शरीर हे अधिष्ठान, श्वास आणि ट्रिगरवरच्या बोटाची हालचाल ही चेष्टा, वारा आणि उजेड हे दैव, असा अर्थ इथे घेता येतो.

करणापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण ते मोजता येते. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत दुर्बीण, आरसा किंवा लेसर चालत नाही. साधी उघडी साइटच लागते. पुढे नळीच्या टोकाशी फ्रंट साइट, म्हणजे जुन्या लोकांची माशी, आणि मागे चौकोनी खाच असलेली रिअर साइट. माशी खाचेच्या बरोबर मध्ये, दोन्हींचे माथे एका रेषेत आणि माशीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट, एवढेच नेमबाजाला जमवायचे असते. माशीची रुंदी साधारण चार ते पाच मिलिमीटर असते. चांगल्या पिस्तुलांत ती बदलता येते आणि खाचेची रुंदीही कमीजास्त करता येते. फट फार अरुंद ठेवली तर हाताचा प्रत्येक थरकाप मोठा वाटतो, नेमबाज घाबरून थांबतो आणि उशिरा ट्रिगर ओढतो. फार रुंद ठेवली तर माशी मध्यातून सरकलेली कळत नाही. नवशिक्याने आणि चाळिशी लागलेल्याने थोडी रुंद फट घ्यावी. टेबलावरचा हिशेब काही सांगो, डोळ्याला जी फट शांत वाटते तीच बरोबर.

हिशेब मात्र एकदा करून पाहावा. दोन साइटमधले अंतर ३५ सेंटिमीटर धरले, तर माशी खाचेत ०.१ मिलिमीटर सरकली की दहा मीटरवर छर्रा जवळजवळ ३ मिलिमीटर सरकतो. याउलट साइट जुळलेल्या असताना सगळा हातच ३ मिलिमीटर खाली आला, तर छर्राही ३ मिलिमीटरच खाली जातो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा; वर्तुळाच्या रेषेला छर्रा टेकला तरी दहा मिळतात. म्हणजे हात ८ मिलिमीटर डोलला तरी दहा शाबूत राहतात, पण माशी खाचेत ०.३ मिलिमीटर हलली की गेले. हात डोलणारच. तो गोठवण्याच्या धडपडीत मनगट वळते, आणि खरे नुकसान तिथे होते.

डोळ्याची अडचण वेगळीच आहे. खाच, माशी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर तो एकाच वेळी स्वच्छ पाहू शकत नाही. म्हणून पिस्तूलवाला माशी लख्ख ठेवतो आणि लक्ष्य धूसर होऊ देतो. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याशिवाय काही दिसले नाही, ही गोष्ट एकाग्रतेचा धडा म्हणून घरोघर सांगितली जाते. पिस्तुलाच्या रेंजवर ती जशीच्या तशी वापरली तर गुण जातात. अर्जुनाच्या धनुष्याला साइट नव्हती हेही खरे. इथली एकाग्रता साधनावर असते, साध्यावर नाही. बरेच नेमबाज तर काळ्या वर्तुळावर नेम धरतच नाहीत. त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात धरतात आणि छर्रा वर मध्यभागी लागेल अशी साइट लावून घेतात. काळ्यावर काळी माशी कुठे संपते ते दिसत नाही, पांढऱ्यावर तिच्या कडा स्पष्ट उठतात.

जुळवणीचा नियम सोपा आहे. छर्रे जिकडे न्यायचे तिकडे रिअर साइट सरकवायची: खाली लागत असतील तर वर, डावीकडे लागत असतील तर उजवीकडे. माशीचे उलटे, ती उंच केली की छर्रे खाली येतात. खरी अडचण कधी सरकवायचे ही असते. एका छर्र्यावरून काहीच ठरत नाही. पाच-दहा छर्रे मारून त्यांचा गट पाहायचा. गट घट्ट आहे पण मध्यापासून बाजूला आहे, तर दोष करणाचा, स्क्रू फिरवावा. गट विखुरलेला आहे, तर दोष कर्त्याचा नाहीतर चेष्टेचा. स्क्रूला हात लावू नये. नाचता येईना अंगण वाकडे म्हणणारा नेमबाज प्रत्येक वाईट छर्र्यानंतर दोन क्लिक फिरवतो आणि पुढच्यानंतर तेच दोन क्लिक उलटे फिरवतो. पण अंगण खरोखर वाकडे असू शकते, हे न मानणाराही तितकाच फसतो. साइट दोन क्लिक डावीकडे असताना तो सगळा दोष स्वतःवर घेतो, मनगट मुरडून छर्रे मध्यात आणू पाहतो आणि चांगली सवय बिघडवतो. पहिला सगळे करणावर ढकलतो, दुसरा सगळे कर्त्यावर ओढून घेतो. दुसऱ्याला लोक विनम्र म्हणतात. गीतेच्या हिशेबाने तोही अहंकारच.

गट पाहायचा म्हणजे फळ पाहणे आलेच; यातून फलत्यागाचा प्रश्न उभा राहतो. रोमन लेखक सिसेरोने स्टोइक मत मांडताना तिरंदाजाचे उदाहरण दिले आहे: नेम नीट धरण्यासाठी शक्य ते सगळे करणे हेच त्याचे अंतिम साध्य, लक्ष्य लागणे नव्हे. मत देखणे आहे, पण अपुरे आहे. बाण कुठे लागला हे जो पाहतच नाही, त्याला साइट जुळवता येणार नाही. तरुणपणी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत अध्ययन केलेल्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. त्यांतले अठरावे फलत्यागावर आहे. फलत्याग म्हणजे फळाकडे डोळेझाक, असा अर्थ घेतला तर रेंजवर तो पहिल्याच दिवशी मोडतो. स्पर्धेच्या रचनेत यावरचा तोडगा दिसतो. आधी १५ मिनिटे तयारीची आणि सरावाच्या छर्र्यांची. त्यांचे गुण धरत नाहीत. तेव्हा प्रत्येक फळ नीट पाहायचे, कारण ते माहिती आहे. मग गुणांचे ६० छर्रे ७५ मिनिटांत. तेव्हा ट्रिगर दाबताना माशीपलीकडे मन जाऊ द्यायचे नाही. फळ पाहायचे असते, पण छर्रा सुटल्यावर.

वाई ज्यात येते त्या सातारा जिल्ह्यात हा विचार आज धनुष्यावर जास्त कसाला लागतो. साताऱ्याच्या अदिती स्वामीने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा ती १७ वर्षांची होती; अंतिम लढतीत तिने १५० पैकी १४९ गुण घेतले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्ह प्रकारात टोकियो ऑलिंपिकला खेळला. कंपाउंडला साइटमध्ये भिंग आणि पाणसळ, शिवाय दोरीतले पीप, म्हणजे पाहण्याचे छिद्र, एवढे सगळे चालते; रिकर्व्हला भिंगही नाही, पीपही नाही. जुळवणी पिस्तुलाच्या माशीसारखी: बाण वर लागला तर साइटची पिन वर, खाली लागला तर खाली. इथे पाचवे कारण उघड्यावर असते. वारा एकाच बाजूने सारखा वाहत असेल तर पिन सरकवता येते. झुळका येत-जात असतील तर पिन तशीच ठेवून नेमच वारा येतो त्या बाजूला थोडा धरावा लागतो. किती धरायचा, याला क्लिक नाहीत. ते ५० किंवा ७० मीटरवर बाण मारूनच समजते.