संपकऱ्यांचा रविवार

संप म्हणजे काम थांबवणे. हात आखडता घेतला की मालकाला त्या हाताची किंमत कळते, इतका साधा हिशेब. माग थांबतो, भट्टी विझते, गोदीत जहाज तसेच उभे राहते. वर्तमानपत्राच्या कामगारांचे दुखणे मात्र वेगळे. त्यांनी काम थांबवले की त्यांच्या संपाची बातमी सांगायला मालक तेवढा उरतो. डेट्रॉइटच्या संपकऱ्यांनी यावर १९९५ मध्ये जो तोडगा काढला, तो वरवर पाहता संपाच्या व्याख्येलाच हरताळ फासणारा होता. त्यांनी आपले काम बंद ठेवले आणि तेच काम करत राहिले.

१३ जुलै १९९५ रोजी ‘डेट्रॉइट न्यूज’ आणि ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ या दोन दैनिकांतले सुमारे अडीच हजार लोक संपावर गेले. सहा युनियन एकत्र आल्या होत्या. त्यांत वार्ताहर, छायाचित्रकार, जुळारी, छपाई कामगार, ट्रकचालक असे सगळेच होते. एक दैनिक गॅनेट कंपनीचे, दुसरे नाइट-रिडरचे. बातमीत प्रतिस्पर्धी, पण १९८९ पासून छपाई, जाहिरात आणि वितरणात भागीदार. मालकांनी बदली माणसे आणून अंक चालू ठेवले. युनियननी वाचकांना वर्गणी तोडण्याचे आवाहन केले आणि शहरात घरांपुढच्या हिरवळीवर ‘न्यूज किंवा फ्री प्रेस इथे नको’ अशा पाट्या उभ्या राहिल्या. मोटार कामगारांच्या या शहरात संपफोड्यांचे वर्तमानपत्र घरात घेणे अनेकांना शरमेचे वाटे. पण पेपर नको म्हणणाऱ्यालाही रविवारी सकाळी हातात काहीतरी हवेच असते. १९ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘डेट्रॉइट संडे जर्नल’चा पहिला अंक निघाला. टॅब्लॉइड आकाराचे हे साप्ताहिक संपकऱ्यांनीच लिहिले, मांडले, त्यातले फोटो काढले. ते चार वर्षे चालले.

त्याच्या छायाचित्रांचा संग्रह आज वेन स्टेट विद्यापीठाच्या वॉल्टर रूथर ग्रंथालयात आहे. अमेरिकी कामगार चळवळीची कागदपत्रे सांभाळणारे हे एक मोठे घर. असा संग्रह म्हटला की काय दिसणार हे आपण आधीच ठरवलेले असते: उगारलेल्या मुठी, फलक, पोलिसांच्या ढाली. सप्टेंबर १९९५ मध्ये स्टर्लिंग हाइट्सच्या छापखान्याच्या फाटकावर हजारो लोकांनी वाट अडवली, झटापटी झाल्या आणि कंपनीने छापलेले अंक हेलिकॉप्टरने बाहेर काढले. वर्तमानपत्र वाचकापर्यंत पोहोचवण्यासाठी आकाशाचा आधार घ्यावा लागला, हे दृश्य कोणत्याही छायाचित्रकाराला पर्वणीच. पण मला या संग्रहाचे मोल अशा चित्रांत फारसे वाटत नाही. संघर्षाचे फोटो कोणीतरी काढतोच.

असे फोटो काढण्यात तर डेट्रॉइटची परंपराच मोठी. २६ मे १९३७ रोजी फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्याबाहेरच्या पुलावर मोटार कामगार युनियनची पत्रके वाटायला आलेले तिचे नेते वॉल्टर रूथर (ग्रंथालय ज्यांच्या नावाचे, तेच), रिचर्ड फ्रँकेनस्टीन आणि साथीदारांना फोर्डच्या माणसांनी बेदम मारले. मग ते छायाचित्रकारांकडे वळले, कॅमेरे हिसकावले, निगेटिव्हच्या काचा फोडल्या. ‘डेट्रॉइट न्यूज’च्या जेम्स किलपॅट्रिकने खऱ्या काचा मोटारीच्या मागच्या आसनाखाली लपवल्या आणि कोऱ्या काचा त्यांच्या हवाली केल्या, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी ते फोटो छापून आले, आणि दोष युनियनवर ढकलणाऱ्या फोर्डची पंचाईत झाली. त्यानंतर चार वर्षांनी, एप्रिल १९४१ मध्ये, त्याच कारखान्याबाहेर त्याच ‘न्यूज’च्या मिल्टन ब्रुक्सने उलटा प्रसंग टिपला: संपकऱ्यांच्या घोळक्यात मार खाणारा एकटा माणूस. १९४२ मध्ये छायाचित्रणासाठी पुलित्झर पारितोषिक पहिल्यांदाच दिले गेले, ते या फोटोला.

१९३७ चे फ्रँकेनस्टीनला मारतानाचे चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवून पाहावे. दोन्हींत मार खाणाऱ्याचे डोके त्याच्याच कोटात गुंडाळले गेले आहे, भोवती दंडेली करणारे हात आहेत, आणि चेहरा दिसत नाही. फोटोओळ झाकली तर कोण कंपनीचा आणि कोण युनियनचा, हे परक्या माणसाला सांगता येणार नाही. (पुलित्झर देणाऱ्यांनी या दोहोंतून दुसऱ्याला मान दिला, यावर तर्क करण्याचा मोह मी आवरतो, कारण १९३७ मध्ये छायाचित्रणाचे पारितोषिक नव्हतेच.) छायाचित्राची बाजू ठरते ती चौकटीबाहेर. ओळ कोणी लिहिली, अंक कोणाचा होता, आणि पुढे निगेटिव्ह कोणाच्या कपाटात गेली यावर.

१९९५ मध्ये हे कपाटाचे गणित फारच उघडे पडले. फाटकावर कंपनीने आणलेले खासगी सुरक्षारक्षकही कॅमेरे घेऊन उभे होते आणि संपकऱ्यांचे चित्रण करत होते. ते कोर्टात दाखवण्यासाठी. समोरच्या बाजूला कॅमेरा घेतलेला माणूस संपावर गेलेला वृत्तछायाचित्रकार. तोच जमाव, तेच फाटक. एका फितीत तो जमाव आरोपी, दुसरीत साक्षीदार. बदली माणसांनी काढलेल्या दैनिकाचा तिसरा कॅमेरा कुठेतरी मध्ये, आणि त्याच्यामागे उभा असलेला माणूस कोणा संपकऱ्याच्या जागेवर आलेला.

मात्र रविवारच्या अंकाचे पोट नुसत्या फाटकावरच्या फोटोंनी भरत नाही. ‘संडे जर्नल’ला शहराचे वर्तमानपत्र व्हायचे होते. त्यात शहराचा कारभार हवा, सामने हवेत, नाटके आणि माणसे हवीत. नुसते संपाचे मुखपत्र काढणे सोपे होते, पण चार महिन्यांनंतर ते कोणी वाचले नसते. मला हा संग्रह महत्त्वाचा वाटतो तो या साध्या चित्रांसाठी. सामन्याचा फोटो संपकऱ्याने काढला म्हणून चेंडू वेगळा उडत नाही. तीच नजर, तेच अंगवळणी पडलेले कसब, जे ‘फ्री प्रेस’च्या पानावर पगारासाठी राबत होते, ते इथे संपाच्या तुटपुंज्या भत्त्यावर राबले. मालकाच्या लेखी ही माणसे कामावर नव्हती. हे फोटो म्हणजे त्यांची हजेरीच. कसब मालकाबरोबर राहत नाही, ते कामगाराबरोबर बाहेर पडते, हे फाटकावरच्या घोषणेत ठासून सांगता येते. सामन्याच्या एका बऱ्या फोटोत ते दिसते.

अर्थात कसब बाहेर पडले म्हणून लढा जिंकला गेला असे नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये युनियननी बिनशर्त कामावर परतायची तयारी दाखवली. कंपन्यांनी जागा रिकाम्या होतील तसतशी माणसे परत घेतली. बाकीच्यांसाठी संपाची टाळेबंदी झाली. केंद्र सरकारच्या कामगार मंडळाने कंपन्यांना कामगारांशी अनुचित वागल्याबद्दल दोषी ठरवले, पण जुलै २००० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि त्या वर्षअखेरीस उरलेले करार कंपन्यांच्या सोयीने झाले. ‘संडे जर्नल’ तोवर टिकले नाही. त्याचा शेवटचा अंक २१ नोव्हेंबर १९९९ चा.

अमेरिकी कायद्यात नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो सहसा नोकरी देणाऱ्याच्या मालकीचा असतो. संपावर गेलेल्या छायाचित्रकाराच्या आयुष्यभराच्या निगेटिव्ह म्हणूनच कंपनीच्या इमारतीत राहिल्या. त्या इमारतीत बदली माणसे बसत होती, आणि जुन्या फायली आता त्यांच्या हाताशी होत्या. संपाच्या काळातले फोटो तेवढे त्या कपाटाबाहेरचे. ज्यांना परत घेतले, ते कॅमेरा घेऊन पुन्हा त्याच दारातून आत गेले, आणि त्या दिवसापासून कामासाठी काढलेला प्रत्येक फोटो पुन्हा कंपनीचा झाला.