खरे आहे, म्हणून दाखवावे का?



हल्ली घराघरांत मोबाईलवर चित्रपट आणि मालिका पाहिल्या जातात. सुरुवातीला ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी आली की आपली उत्सुकता वाढते. कोठे खून, कोठे अत्याचार, कोठे बड्या माणसाचे लफडे. हे खरोखर घडले आहे, मग दाखवायला आणि पाहायला हरकत काय, असे आपण सहज म्हणतो. पण एखादी गोष्ट खरी आहे, एवढ्यानेच ती चारचौघांत सांगण्याचा अधिकार मिळतो का?

परभणी जिल्ह्यातील मानवतचे उदाहरण घेऊ. तेथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया व लहान मुलींचे एकामागून एक खून झाले. त्यामागे गुप्तधनाची हाव आणि अंधश्रद्धा असल्याचे तपासात पुढे आले. या घटनांवर अमोल पालेकर यांनी १९८१ साली ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. लेखन विजय तेंडुलकरांचे होते. त्यातील पात्रांची नावे बदललेली होती. २०२४ साली याच प्रकरणावर सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. तिच्या शीर्षकातच गावाचे नाव आहे आणि खटल्यातील माणसांची खरी नावेही तिच्यात येतात.

अंधश्रद्धा माणसाला कोठवर नेते हे लोकांना कळलेच पाहिजे. महाराष्ट्रात नरबळीविरुद्ध कायदा यायला २०१३ साल उजाडले, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यावर. म्हणून अशा कथा सांगूच नयेत, असे मी म्हणणार नाही. परंतु मानवतचा एखादा तरुण, जो त्या वेळी जन्मलाही नव्हता, तो नोकरीसाठी परगावी जाऊन आपल्या गावाचे नाव सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला काय आठवेल? ज्या घरातली लेक गेली, त्या घरातल्या माणसांना पन्नास वर्षांनी तोच प्रसंग पडद्यावर पाहून काय वाटेल? कथा सांगणाऱ्याने हे प्रश्न स्वतःला विचारले पाहिजेत.

आठव्या आज्ञेविषयी ख्रिस्तसभेची शिकवण येथे उपयोगी पडते. खोटे सांगून दुसऱ्याची बदनामी करणे हे पाप आहे, हे आपण सारे जाणतो. पण दुसऱ्याचा खराखुरा दोषही, सबळ कारण नसताना, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यापुढे उघड करणे हेही पाप आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. म्हणजे ‘मी काही खोटे बोललो नाही’ एवढे पुरत नाही. सांगण्यामागे कारण हवे.

कारण कसे असावे, हे नाथान संदेष्ट्याकडून शिकावे. दावीद राजाने उरीयाची पत्नी घेतली आणि उरीयाला लढाईत मरायला धाडले. नाथान राजाकडे गेला आणि त्याने एका गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. ना बथशेबाचे नाव घेतले, ना तिला दरबारात उभे केले. ती गोष्ट ज्याने गुन्हा केला आणि ज्याच्या हाती सत्ता होती, त्यालाच ऐकवायची होती, आणि ती त्याच्या काळजाला भिडली. पुढे पवित्र शास्त्रानेही राजाचे पाप लपवले नाही. झाकून ठेवणे हा धर्म नव्हे. मात्र उघड करताना लाज गुन्हेगाराच्या वाट्याला यावी, जिच्यावर अन्याय झाला तिच्या वाट्याला नव्हे.

आपल्या ख्रिस्तसभेलाही ही कसोटी लागू आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरात काही धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी त्यांवर घातलेले पांघरूण ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राने २००२ साली उघड केले. त्यावरील ‘स्पॉटलाइट’ या चित्रपटाला २०१६ साली ऑस्कर मिळाले. अशा चित्रपटाने आपली बदनामी होते, असे आपल्याला वाटू शकते. पण हा चित्रपट कॅथोलिकविरोधी नाही, असे व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राने लिहिले. त्यात अत्याचाराची दृश्ये नाहीत. मोठी झालेली ती मुले आपले दुःख आपल्या तोंडाने सांगतात, आणि जाब विचारला जातो तो अधिकाऱ्यांना. तरीही याच चित्रपटात एका कॅथोलिक कॉलेजच्या अधिकाऱ्याच्या तोंडी त्याने कधी न उच्चारलेली वाक्ये घातली गेली. त्याने आक्षेप घेतला आणि ती वाक्ये कल्पित असल्याचे चित्रपट कंपनीला मान्य करावे लागले. हेतू चांगला असला, तरी जिवंत माणसाच्या नावावर खोटे खपवता येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे जुलै २०१६ मध्ये एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. अशा पीडितेचे नाव प्रसिद्ध करायला कायद्याची मनाई आहे, आणि ती मरण पावली असली तरी ही मनाई लागू राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. मेलेल्या लेकराचीही अब्रू असते, हे कायद्याने मानले. पण नाव गाळले आणि शेवटची घटका मात्र मीठमसाला लावून दाखवली, तर कायदा पाळला जाईल. त्या आईचा मान राखला जाईल का?

सगळा दोष चित्रपटवाल्यांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. पाहणारे आहेत म्हणून दाखवणारे आहेत. संत ऑगस्टीन तरुणपणी नाटकांचे वेडे होते. पुढे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात या वेडाची चिकित्सा केली. रंगमंचावरचे दुःख पाहून माणूस रडतो, पण तेथे त्याला कोणाच्या मदतीला धावायचे नसते. नुसते रडायचे असते आणि त्या रडण्यात सुख मानायचे असते. त्यांच्या काळी नाटकातली दुःखे बहुधा कल्पित होती. आपण तर खऱ्या माणसांच्या खऱ्या दुःखावर संध्याकाळ घालवतो आणि ताटावरून उठतो.

म्हणून असे काही पाहून झाल्यावर घरात दोन शब्द बोला. लाज कोणाची निघाली, करणाऱ्याची की सोसणाऱ्याची? आपल्या वस्तीत, नात्यात कोणी असेच सोसत असेल, तर त्याच्याकडे आपले लक्ष गेले का? ते गेले, तर पाहिलेले कारणी लागले. नाही तर आपण शेजाऱ्याच्या खिडकीतून डोकावून आलो, एवढेच.

प्रभू आपल्या डोळ्यांना आणि जिभेला विवेक देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू