देणाऱ्याचं नाव

बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. आमचं गाव माण तालुक्यातलं, मी दहा वर्षांचा. कामावर दुपारी खायला सुकडी फुकट वाटत. आई आपल्या वाट्याची सुकडी पदराखाली झाकून घरी आणायची आणि दार लोटून आम्हा तिघा भावंडांना द्यायची. मजुरीचे पैसे मात्र ती मुकादमासमोर उभी राहून, चारचौघांत मोजून घ्यायची. पैसे उघड्यावर आणि सुकडी पदराआड, असं का, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मजुरी तिची होती. सुकडी कुणीतरी दिलेली होती.

पुढे मी विधानमंडळाच्या सचिवालयात नोकरीला लागलो. त्यातली सहा वर्षं रोजगार हमी योजना समितीच्या कामात गेली. दोन्ही सभागृहांतले, सगळ्या पक्षांचे आमदार या समितीत असतात. त्या सहा वर्षांत आईच्या पदराचा प्रश्न माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येत राहिला: घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही असं देणं माणसाला जमतं का?

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचं लक्षण आलं आहे. परतफेडीची आशा नाही अशाला, द्यायचं म्हणून द्यावं. ते वाचताना मला नेहमी वाटतं, यात देणाऱ्याचं मन शुद्ध होईल, पण घेणाऱ्याच्या मनाचं काय? त्याला तर देणारा दिसतोच. मला तुकोबा इथे जास्त जवळचे वाटतात. दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली. घरात सावकारी होती, आणि परंपरा सांगते की भावाच्या वाट्याची कर्जखतं त्याला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली. धान्य वाटलं असतं तर लोकांनी हात जोडले असते. कागदच बुडाल्यावर कोण कुणाचं देणं लागतो हे सांगणारं काही उरलं नाही. देणं इतकं पुरतं व्हावं की देणाऱ्याचं नावच पुसलं जावं, असं मला वाटतं.

हे एकट्या संताला जमलं. राज्याला जमेल का? वि. स. पागे यांनी ते करून पाहिलं, असं मी मानतो. १९६० ते १९७८ ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात तिचा प्रयोग झाला, दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ ला तो अमलात आला तेव्हा सत्तेवर पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार होतं, म्हणजे कालपर्यंत विरोधी बाकांवर बसणारी कितीतरी माणसं आता मंत्री होती. कायदा कुणी दिला, असं विचारलं तर कुणा एकाच पक्षाचं नाव घेता येत नाही. ‘एकमताने मंजूर’ हे शब्द मी कारकुनी हाताने शेकडो वेळा लिहिले आहेत. या एका कायद्यापाशी मला त्यांचा अर्थ लागला: सगळ्यांनी मिळून दिलं की उपकार करणारा कुणीच राहत नाही. नमुना नंबर ४ भरायचा, काम मागायचं. पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारभत्ता मागायचा. हात जोडायचे कुणापुढे?

यात एक भीतीही आहे आणि ती खरी आहे. देणाऱ्याचं नाव पुसलं की जबाबदारीही पुसली जाते. जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नाही, हे गावच्या विहिरीपासून आपण पाहत आलो आहोत. कामावर पाऊल न टाकलेल्या माणसांचे अंगठे हजेरीपटावर उमटलेले मी स्वतः पाहिले आहेत. त्यावर नजर ठेवायला म्हणून तर समिती. तिच्या बैठकांना पत्रकार नसतात, प्रेक्षक नसतात. अधिवेशनात एकमेकांवर तुटून पडणारे दोघे तिथे एकाच फायलीवर डोकं घालून बसलेले दिसायचे. अहवालात कोण काय बोललं ते येत नाही. ‘समितीचे असे मत आहे’ एवढंच येतं. त्या वाक्यात सगळ्या सदस्यांनी आपापलं नाव सोडून दिलेलं असतं. वर्तमानपत्रात एक ओळ यावी म्हणून माणसं काय काय करतात हे मी जवळून पाहिलंय, त्यामुळे हे सोडणं मला लहान वाटत नाही.

समितीच्या एका दौऱ्यात आम्ही पाझर तलावाच्या कामावर गेलो होतो. मे महिना, दुपारचे दोन. मजुरांनी खणलेल्या चौकोनी खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवला होता. किती खोल खणलं हे त्याच्यावरून मोजतात. मागच्याच आठवड्यात सभागृहात ज्यांची खडाजंगी झाली होती ते दोन आमदार खड्ड्यात उतरले. एकाने टेपचं टोक खुंटाच्या माथ्यावर धरलं, दुसऱ्याने खाली वाकून आकडा वाचला. मी लिहून घेतला. नोंदलेल्या मापापेक्षा खड्डा खोल निघाला. म्हणजे मजुरांना मजुरी कमी मिळाली होती. वर उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीला अध्यक्षांनी विचारलं, “मावशी, हे काम तुम्हाला कुणी दिलं?”

तिने घमेलं उपडं केलं, त्यावर बसली आणि म्हणाली, “कुणी म्हंजी? मागितलं, मिळालं. पैसं मातुर कमी दिल्यात, ते लिवा.”

पदर तिच्या डोक्यावर होता. हातात लपवलेलं काही नव्हतं.

रोजगार हमीला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर आणला, आणि जेवढा कर जमा होईल तेवढीच भर सरकारने स्वतःची घालायची असं ठरलं. माझ्या पगारातून तो दरमहा कापला जाई. शेवटी शेवटी दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. निवृत्त झालो त्या दिवशी शेवटचं पगारपत्रक आईला दाखवलं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे कशाचे?”

मी सांगितलं.

“कुणाला जात्यात?”

“ते कळत नाही, आई.”

तिने कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि सुपातली ज्वारी पाखडायला घेतली.