तळाच्या तबकड्या

पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्डच्या ढिगालाही उतरंड असते. कुमार गंधर्व, भीमसेन, आर. डी. बर्मनचा एखादा दुर्मीळ चित्रपट हे सगळं वर, विक्रेत्याच्या हाताशी. तळाला राहतात त्या सिनेमाच्या धुनांच्या एलपी: ॲकॉर्डियन, हवाईयन गिटार, इलेक्ट्रिक ऑर्गन. कॅम्पातल्या एखाद्या घरातून ढीग आलेला असला, तर सोबत मान्टोव्हानी आणि जेम्स लास्ट यांचे वाद्यवृंदही. विरंगुळ्याचं संगीत; त्याला फारसा भाव नाही. मी नेमक्या याच शोधतो, आणि स्वस्त मिळतात म्हणून शोधत नाही.

१९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकत आलेल्या शहरात हलकंफुलकं म्हणजे दुय्यम, हे कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. पण या एलपींवर नाव कुणाचं असतं ते पाहा. मुंबईच्या स्टुडिओंत एका गाण्यासाठी पन्नास-पन्नास वादक बसत, आणि पडद्यावर नावं येत ती संगीतकाराची, गीतकाराची, गायकांची. ॲकॉर्डियन कुणी वाजवलं, गिटारवर कोण होतं, हे प्रेक्षकाला कधी कळलंच नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००८ साली या वादकांवर पुस्तक काढलं, तेव्हा त्यालाही त्यांच्या आठवणींचाच मोठा आधार घ्यावा लागला. एरवी मागच्या रांगेत बसणारा वादक धुनांच्या एलपीवर मात्र ठळक अक्षरांत पुढे येतो: व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली, चरणजित सिंग, आणि आपले पुण्याचे इनॉक डॅनियल्स.

डॅनियल्सचं ॲकॉर्डियन शांतपणे ऐकावं. या वाद्याचे सूर पट्टीगणिक ठरलेले, त्यातून खरी मींड निघत नाही. गाण्याचे शब्द तर काढूनच घेतलेले. मग गायकाचा श्वास आणायचा कुठून? भात्यातून. दाब किंचित वाढवून, सोडून, सुराची सुरुवात मऊ ठेवून तो आणावा लागतो. असं वाजवणं ऐकलं की धून मुळात किती मजबूत बांधलेली आहे तेही कळतं.

हवाईयन गिटारला मींड सोपी, कारण तारेवरून लोखंडी कांडी सरकते. शिप्ले आणि गांगुली ज्या जातीच्या गिटारवर सिनेमाच्या धुना वाजवत, त्याच जातीची गिटार ब्रिजभूषण काबरांनी रागसंगीतात आणली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ १९६७ची. ती घडवून आणली एचएमव्हीत असलेल्या जी. एन. जोशींनी. ती एलपी आज जपून ठेवतात, आणि शिप्लेची तळाला जाते. दोघांमधलं अंतर मला तरी इतकं मोठं वाटत नाही.

चरणजित सिंगांचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. १९८२ साली त्यांनी सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड खपली नाही. पुढे एका डच संग्राहकाला ती भारतात जुन्या मालात सापडली, २०१०मध्ये पुन्हा निघाली, आणि युरोपातल्या नृत्यसंगीताचे जाणकार ती ऐकून थक्क झाले, कारण तसा आवाज पाच वर्षांनी शिकागोत जन्मला असं ते धरून चालले होते.

सगळ्याच एलपी अशा निघत नाहीत, हेही खरं. पुष्कळ घाईत उरकलेल्या असतात, कित्येकांत ठेका एकसुरी असतो. तरी मी त्या टाकत नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून याच शहरात आहे. तिथल्या रिळांवर ज्यांची नावं नाहीत, त्यांतली काही या कव्हरांवर आहेत. इंटरनेटवर धून चढवणारे बहुतेक वेळा गाण्याचं आणि चित्रपटाचं नाव देतात, आणि वादक दुसऱ्यांदा पुसला जातो. म्हणून पावसाळ्यात बुरशी धरलेलं, कडेने उसवलेलं कव्हरही मी रेकॉर्डसोबत मागून घेतो. मागच्या बाजूला कधी संगीत-संयोजकाचं, कधी साथ करणाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत सापडतं. ते वहीत उतरवतो, आणि मग मूळ गाणं लावून त्यातलं ॲकॉर्डियन ओळखीचं वाटतं का ते ऐकतो.