दीडपटीने पाहिलेला विलंबित

परवा रविवारी माझा भाचा जेवायला आला होता. पानात वरणभात पडत असताना सहज विषय निघाला, आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ पाहिलास का, असे मी त्याला विचारले. “पाहिला ना, मामा,” तो म्हणाला, “डोंबिवली लोकलमध्ये जाता-येता दोन दिवसांत संपवला. दीडपट स्पीडवर लावला होता, तरी स्लोच वाटला.” हे सांगताना त्याच्या स्वरात तक्रार नव्हती आणि बढाईही नव्हती. आज ऊन फार आहे, असे सांगावे इतक्या साधेपणाने तो बोलला. पण माझा घास मात्र क्षणभर हातातच राहिला.

2020 साली व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळवून पुढच्या वर्षी एप्रिलअखेरीस नेटफ्लिक्सवरून घरोघर पोहोचलेला हा मराठी चित्रपट ख्यालगायकीच्या एका साधकाची कथा सांगतो. शरद नेरूळकर नावाचा हा तरुण रात्री मुंबईच्या निर्मनुष्य रस्त्यांवरून सावकाश मोटारसायकल चालवीत जातो, आणि त्याच्या कानांत गुरुजींच्या गुरू असलेल्या माईंच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांतील कठोर, निःस्पृह वाणी घुमत राहते. ती वाणी दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांची आहे. चित्रपट आपल्या घरांत येण्याच्या अवघे अकरा दिवस आधी त्या निवर्तल्या. शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक आणि गुरुजींची भूमिका करणारे अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्ष जीवनात गायक आहेत. त्यामुळे पडद्यावरची बैठक नुसता देखावा राहत नाही, तिथे खरोखरच एक गळा दुसऱ्या गळ्यापासून काही शिकू पाहत असतो. मोटारसायकलीची ती मंद गती, माईंच्या दोन वाक्यांमधला तो अवकाश, गुरुजींनी एक जागा पुन्हा पुन्हा घ्यायला लावणे, हा सारा त्या कथेचा देहच होय. कारण ज्या विद्येत आयुष्याची वीस वर्षे घालूनही काही हाती लागेल याची शाश्वती नसते, त्या विद्येची गोष्ट घाईने सांगताच येत नाही.

विलंबित एकतालाचे एक आवर्तन बारा मात्रांचे असते, आणि गायक ते सावकाश, जवळजवळ मिनिटभर उलगडीत नेऊ शकतो. समेवर येण्यापूर्वीचा तो काळ श्रोत्याने गायकाबरोबर सोसायचा असतो. त्या सोसण्यामुळेच समेला अर्थ येतो. दीडपट वेगाच्या यंत्राची करामत अशी की, ते स्वराला धक्का लावीत नाही. पट्टी तीच राहते, शब्दही तेच ऐकू येतात, फक्त काळ कापला जातो. गाणे जागच्या जागी राहते आणि गाण्याचे प्रयोजन मात्र निघून जाते. दोन तासांहून थोडा मोठा असलेला हा चित्रपट या रीतीने पाहिला की सुमारे चाळीस मिनिटे वाचतात; आणि ज्या चाळीस मिनिटांची बचत झाली, नेमक्या त्यांच्यातच तो चित्रपट राहत होता.

भाच्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. सकाळी सातला घर सोडणारा आणि रात्री नऊला परतणारा मनुष्य लोकलच्या दांडीला एका हाताने लोंबकळत दुसऱ्या हातातल्या चिमुकल्या पडद्यावर ख्यालगायकीची कथा पाहतो, यात कौतुकाचा भाग मोठा आहे. वेग वाढविण्याची सोयही सर्वस्वी निंद्य नव्हे. 2019 साली नेटफ्लिक्सने तिची चाचणी आरंभली तेव्हा जड ॲपाटो यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी कडक हरकत घेतली हे खरे. पण वेगाने ऐकण्याचा सराव असलेल्या दृष्टिहीनांना तिचा उपयोग होतो, हेही तितकेच खरे आहे. सोय असावी. माझ्या मनाला जे लागले ते निराळे होते. कापून पाहिलेल्या वस्तूवर अखंड मत देण्याचा आपल्याला हक्क पोहोचतो की नाही, हा प्रश्न त्या दिवशी पानावरून उठलो तरी माझ्याबरोबर उठला, आणि तो एकट्या भाच्याला विचारून भागण्यासारखा नव्हता.

कारण तोच अपराध माझ्याही हातून घडला आहे. 2025 च्या मार्चमध्ये ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही इंग्लंडातील चार भागांची मालिका आली. तेरा वर्षांच्या एका मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप येतो आणि पहाटे पोलीस दार फोडून त्याला घेऊन जातात, इथून ती सुरू होते. तिचा प्रत्येक भाग कॅमेरा एकदाही न थांबवता एका सलग चित्रणात टिपलेला आहे; डोळे वळवायला ती मालिका फटच ठेवीत नाही. पहिला भाग संपला आणि मी लगेच म्हणालो, “तिकडची मुलं पार हाताबाहेर गेली आहेत.” पत्नी काही वेळ बोलली नाही. आमच्या मुलाच्या खोलीचे दार बंद होते आणि दाराखालून निळसर उजेडाची एक बारीक रेघ फरशीवर पडली होती. तिकडे पाहत ती म्हणाली, “अहो, या दाराआड काय चाललंय ते तरी आपल्याला कुठे ठाऊक आहे?” पुढच्याच भागात तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचाच मुलगा समजावून सांगतो की, मुले परस्परांना पाठवतात त्या इवल्या चित्रखुणांचे अर्थ मोठ्यांना वाटतात ते मुळीच नसतात; आणि ते पाहताना, मी मघाशी इंग्लंडातल्या मुलांविषयी दिलेला निवाडा माझ्याच घराच्या उंबऱ्यावर परत येऊन उभा राहिला.

तेव्हापासून मी स्वतःच्या आणि इतरांच्या मतांकडे जरा बारकाईने पाहू लागलो, आणि मला असे दिसले की आपल्या बोलण्यात तीन शब्द वारंवार येतात. जे आपल्याला थांबायला सांगते ते ‘स्लो’, जे आपल्या घराकडे बोट दाखवते ते ‘तिकडचे’, आणि ज्याने आपल्याला दुःख व्हायला हवे होते ते ‘थरारक’. मत हे पाहण्याचे फळ असते, असे आपण समजतो. पण अनेकदा मत ही पाहणे थांबवण्याची युक्ती असते. एकदा शेरा मारला की प्रकरण दप्तरी दाखल होते, आणि दप्तरी दाखल झालेल्या प्रकरणाला कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

‘थरारक’ हा शब्द मी 2023 च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘द रेल्वे मेन’ या मालिकेविषयी अनेकांच्या तोंडून ऐकला. 2 आणि 3 डिसेंबर 1984 यांमधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, आणि झोपेत असलेल्या हजारो माणसांनी प्राण गमावले. त्या रात्री भोपाळ स्थानकावर कर्तव्यावर असलेले रेल्वे अधिकारी गुलाम दस्तगीर यांनी वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता फलाटावरची प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेआधीच सोडून दिली आणि शेकडो लोकांना वायूच्या कवेतून बाहेर काढले. त्यांच्यासारख्यांच्या कर्तव्यनिष्ठेवर ही मालिका उभी आहे. मालिका चांगली आहे, आणि तिच्यात थरार आहे हेही नाकारता येत नाही. पण “एका बैठकीत संपवली, मस्त होती” असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात संपले काय, असा प्रश्न मला पडतो. भोपाळमधल्या अनेक घरांत ती रात्र अजून उजाडलेली नाही. पडद्यावरचे मरण काल्पनिक असेल तर आपण फक्त कलेचे देणे लागतो. ते खरे असेल तर मेलेल्यांचेही देणे लागतो. ते देणे थोडकेच आहे. थोडा वेळ गप्प राहिले, तरी ते फिटण्याच्या मार्गाला लागते.

या संदर्भात मला 1988 सालातली एक हकिकत आठवते. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली ‘तमस’ ही मालिका दूरदर्शनवर दाखवली जात होती. फाळणीच्या वेळच्या दंगलींचे तिच्यातले चित्रण पाहून लोक भडकतील, अशी फिर्याद मुंबईच्या उच्च न्यायालयात आली आणि प्रक्षेपणास तात्पुरती मनाई झाली. प्रकरण न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्यापुढे गेले, तेव्हा त्या दोघांनी एक अगदी साधी गोष्ट केली: त्यांनी ती मालिका संपूर्ण पाहिली. उरलेले भाग जनतेने पाहण्यापूर्वी त्यांनी पाहिले, आणि मग मनाई उठवली. ही मालिका द्वेष चेतवीत नसून द्वेष कसा चेतवला जातो ते दाखवते, हा फरक पाच मिनिटांच्या तुकड्यावरून कोणालाच कळला नसता. कैफियत पुरी ऐकल्यावाचून निवाडा देऊ नये, हा न्यायदानाचा शिरस्ता आहे. आणि आपण प्रेक्षक जेव्हा एखादी कलाकृती टाकाऊ ठरवतो, तेव्हा कोणी नेमणूक केली नसली तरी मुनसफीच करीत असतो.

त्या काळी एक गोष्ट आपोआप घडत असे. 1987 च्या जानेवारीत सुरू झालेले ‘रामायण’ असो की पुढचे ‘तमस’, एक भाग पाहिला की पुढच्या भागापर्यंत सहा दिवसांची मुदत पडे. त्या मुदतीत पाहिलेले मनात मुरे. शेजारी गॅलरीत उभे राहून त्याविषयी बोलत, आजी दुपारी निवडणटिपण करताना मध्येच एखाद्या पात्राची बाजू घेई, आणि बुधवारपर्यंत आपले रविवारचे मत बदललेले असे. 2013 च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एकाच दिवशी प्रेक्षकांच्या हाती ठेवले, आणि वाट पाहण्याची ती वहिवाट मोडत गेली. 2017 साली त्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी असल्याचे म्हटले होते. मला वाटते, झोपेच्याही आधी त्या स्पर्धेत आपण काही गमावले आहे: एक गोष्ट संपणे आणि दुसरी सुरू होणे यांच्यामधली शांतता.

अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’ आम्ही घरी पाहिला त्या रात्री हे मला फार जाणवले. विस्मृतीचा आजार जडू लागलेली शैलजा, सारे पुसले जाण्यापूर्वी, आपल्या लहानपणीच्या कोकणात काही दिवसांसाठी परत जाते, एवढीच त्या चित्रपटाची गोष्ट. शेफाली शाह यांच्या चेहऱ्यावर एखादे घर ओळखल्याचा आनंद आणि ते पुन्हा हरवणार याची जाणीव एकाच वेळी उमटते, आणि आपणही आपल्या गावचे एखादे दार शोधू लागतो. चित्रपट संपला, आणि कामगार-कलावंतांची नामावली नीट वर सरकू लागण्यापूर्वीच आक्रसून पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिच्या जागी कुठल्याशा दुसऱ्या चित्रपटातली धावपळ सुरू झाली. स्मृती जपण्यासाठी धडपडणाऱ्या बाईची आठवण आमच्या मनात मिनिटभरही राहू दिली गेली नाही. मी चटकन बटण दाबून नामावली परत मोठी केली, आणि ज्यांना मी ओळखत नाही अशा शेकडो माणसांची नावे शेवटपर्यंत जाऊ दिली.

प्रत्येक मालिका शेवटपर्यंत पाहावीच, असा माझा आग्रह नाही. दोन तासांची गोष्ट आठ भागांत ताणून विकणारेही पुष्कळ आहेत, आणि अशा ठिकाणाहून उठून जाण्याची पूर्ण मुभा प्रेक्षकाला आहे. अर्ध्यातून उठणे हा हक्क आहे; अर्ध्यातून उठून संपूर्णाचा निवाडा देणे हा हक्क नव्हे. “मला वेळ झाला नाही”, “माझे मन लागले नाही”, “मी पुरते पाहिले नाही” ही तीन वाक्ये खरी आहेत आणि त्यांत कोणाचेही उणे होत नाही. ती सोडून आपण “त्यात काही नाही” असे जेव्हा म्हणतो, तेव्हा स्वतःच्या थकव्याची नोंद दुसऱ्याच्या खाती करतो. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करीत असतो. हळू बोलणाऱ्या वडिलांचे वाक्य आपण पुरे करून टाकतो, मुलाची अडखळती कबुली अर्ध्यावर तोडून त्याला उपदेश करतो, आणि मग घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही अशी तक्रार करतो. पडद्यापुढे अंगवळणी पडलेली घाई पडदा बंद केल्यावर आपल्याला सोडून जात नाही.

त्या रविवारी जेवण झाल्यावर मी भाच्याला म्हटले, “शेवटची वीस मिनिटं बसतोस का माझ्याबरोबर?” तो बसला. शरदने मैफलीत गाणे मध्येच थांबवले आहे, तो मंचावरून उठून गेला आहे, साधनेची वाट मागे पडून संसार सुरू झाला आहे. शेवटी तो पत्नी आणि लहान मुलीसह लोकलने चालला असता डब्यात एक फिरता गायक गात येतो, आणि शरद त्याच्याकडे पाहतो. आयुष्यभर ज्याची आराधना केली ते गाणे कोणतीही तालीम, कोणतीही मैफल न मागता त्याच्या बाजूने निघून जाते. वेग जसा आहे तसाच होता. नामावली सुरू झाली तेव्हा दोघेही उठलो नाही.

“मामा, हा गाणारा मी पाहिलाच नव्हता,” बऱ्याच वेळाने तो म्हणाला. “डोंबिवली आली म्हणून बंद केला होता.” मग थोडे थांबून, “आमच्या डब्यातही एक जण येतो,” एवढेच तो म्हणाला. चित्रपट कसा वाटला, हे त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.