पाळी गेल्यानंतरचे आरोग्य : कचारगडच्या पट्ट्यातील स्त्रीच्या संदर्भात

सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतात हे साधारण ४६-४७व्या वर्षी घडते. पाश्चात्त्य देशांच्या मानाने चार-पाच वर्षे आधी. त्यापुढे स्त्रीचे पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. अंगातून वाफा निघणे, घाम फुटणे, झोप मोडणे या तक्रारी बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांत ओसरतात. योनिमार्ग, मूत्रमार्ग आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू यांतील बदलांचे तसे नाही. उपचार न केल्यास ते बहुधा वाढत जातात, आणि त्यांच्याविषयीच सर्वांत कमी बोलले जाते.

या बदलांचे मूळ इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या घटीत आहे. योनिमार्ग आणि मूत्रमार्ग या दोहोंच्या ऊतींना इस्ट्रोजेन लागते. ते कमी झाले की योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते, त्याची लवचिकता आणि रक्तपुरवठा घटतो. अस्तरातील ग्लायकोजेन कमी झाल्याने उपयुक्त लॅक्टोबॅसिलस जीवाणूंची संख्याही घटते. त्यामुळे योनीतील आम्लता कमी होते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. कोरडेपणा, खाज, संबंधाच्या वेळी वेदना किंवा रक्ताचे डाग, लघवीला जळजळ, वारंवार व घाईने लघवीला लागणे, मूत्रमार्गाचा पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग या तक्रारी एकाच कारणातून उद्भवतात. म्हणूनच २०१४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थांनी त्या सर्वांना एकाच लक्षणसमूहात आणले.

दुसरा प्रश्न आधाराचा आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि तेथील बंध मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना पेलून धरतात. बाळंतपणात त्यांना ताण बसतो, वयानुसार ते सैल होतात. मग खोकताना, शिंकताना, ओझे उचलताना लघवी निसटते. गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकते. ग्रामीण स्त्रिया ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात, ते हेच. अनेक बाळंतपणे, जड ओझी, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांनी ते बळावते.

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या डोंगरात कचारगड आहे. गोंड समाजाचे हे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या यात्रेला अनेक राज्यांतून भाविक येतात, आणि स्त्रियाही डोंगर चढून गुहेपर्यंत जातात. या पट्ट्यातील बाईचे वर्ष श्रमाने भरलेले असते. पावसाळ्यात वाकून धानाची रोवणी, पुढे कापणी आणि भारे वाहणे, उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपत्ता, आणि बारा महिने सरपणाच्या मोळ्या व पाण्याचे गुंड. चुलीच्या धुराने खोकला जडला, तर ओटीपोटावर त्याचाही भार पडतो. पाळी गेली म्हणून यातले काही थांबत नाही. सैल झालेल्या स्नायूंवर तोच भार पडत राहतो. शेतात, यात्रेत किंवा प्रवासात आडोसा नसल्याने पाणीच कमी प्यायचे, हा उपाय अनेकजणी करतात. त्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढते.

दुखणे किती दडलेले असते, हे लगतच्या गडचिरोली जिल्ह्याने जगाला दाखवले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला, आधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास केवळ रजोनिवृत्तीचा नव्हता. पण बाळंतपणापलीकडची स्त्री आरोग्यव्यवस्थेच्या नजरेतच नसते, हे त्यातून स्पष्ट झाले.

यांतील बहुतेक त्रासांवर साधे उपचार आहेत. कोरडेपणासाठी योनीसाठीच बनवलेले ओलावा टिकवणारे जेल आठवड्यातून दोन-तीन वेळा लावता येते. संबंधाच्या वेळी वंगणाचा वेगळा उपयोग होतो. साबणाने किंवा जंतुनाशकाने आत धुणे टाळावे, कारण त्याने कोरडेपणा आणि आग दोन्ही वाढतात. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी मात्रेचे इस्ट्रोजेनचे मलम योनीत वापरतात. बहुधा पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फारच थोडे उतरते. गुण यायला काही आठवडे लागतात आणि थांबवल्यास त्रास परततो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने ते तज्ज्ञाला विचारूनच घ्यावे.

लघवी निसटण्यावर पहिला उपचार व्यायामाचा. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली तो मांडला. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरावा, तसे स्नायू आत व वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे. श्वास कोंडायचा नाही, नितंब आवळायचे नाहीत. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने हे करावे लागते. मोळी उचलण्याच्या किंवा खोकण्याच्या क्षणाआधी हेच स्नायू आवळले, तर लघवी निसटणे कमी होते. घाईने लघवी लागत असेल, तर दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवण्याची सवय उपयोगी पडते.

अंग बाहेर येण्याचे प्रमाण थोडे असेल, तर व्यायाम, बद्धकोष्ठ व खोकल्यावर उपचार आणि ओझे कमी करणे यांनी आराम पडतो. त्यापुढच्या अवस्थेत पेसरी, म्हणजे योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग, गर्भाशयाला आधार देते. मापाप्रमाणे ती डॉक्टर बसवतात. वेळोवेळी तपासणी लागते. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतरचा, आणि तीत प्रत्येक वेळी गर्भाशय काढावेच लागते असे नाही.

हे ठासून सांगण्याचे कारण महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या २०१९मधील पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. अंडाशये राखली तरी ती नेहमीपेक्षा लवकर येऊ शकते. मग वर सांगितलेले सारे बदल ऐन कामाच्या वयात सुरू होतात. पांढरे जाणे किंवा कंबरदुखी यांवर पिशवी काढणे हा उपाय नव्हे.

काही लक्षणे दिसल्यास मात्र थांबून चालत नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग दिसला, तरी तपासणी हवीच. त्यामागे गर्भाशयाचा कर्करोग असू शकतो. दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव, लघवी तुंबणे, लघवीतून रक्त, बाहेर आलेल्या अंगावर जखम, किंवा बरी न होणारी गाठ अथवा चट्टा असल्यास तातडीने जावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी शासकीय कार्यक्रमात आहे. पाळी गेल्यावरही ती करून घ्यावी.

कचारगड परिसरातील स्त्रीला सालेकशाचे ग्रामीण रुग्णालय जवळचे आहे. गोंदियात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आणि २०१६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण त्या दारापर्यंत पोचण्यासाठी गावातच कुणीतरी विचारायला हवे. आशाताई आणि परिचारिका घरोघरी गरोदर बाईची नोंद घेतात. चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईला लघवी, कोरडेपणा, अंग बाहेर येणे आणि रक्तस्राव यांविषयी चार साधे प्रश्न विचारणे त्यांना शिकवता येईल. प्रश्न गोंडीत किंवा झाडीबोलीत, एकांतात आणि बाईनेच विचारले तर उत्तर मिळते. उपकेंद्रात व्यायाम शिकवणे, तालुक्याच्या रुग्णालयात इस्ट्रोजेनचे मलम व पेसरी ठेवणे, यात्रेच्या ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालये आणि पिण्याचे पाणी पुरवणे, यांना मोठी यंत्रणा लागत नाही. पाळी गेलेली बाई ही आरोग्यसेवेची पूर्ण हक्कदार आहे, हे मान्य केले की ही सारी कामे नेहमीच्या आरोग्यसेवेत सहज बसतात.